शुद्ध आर्गॉन

पडद्यावरची रेघ खाली यायला तयार नव्हती.

“पाहा न ताई,” दौलत म्हणाला. त्याचं बोट ऑसिलोस्कोपच्या काचेवरून उजवीकडे सरकत होतं. “इथं अजून आहे. इथंही आहे. आता कुठं वाकली.”

“किती झाले?”

“सात.”

“परत घे.”

“चौदा वेळा घेतलं. सातच येते.”

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. सकाळचे साडेनऊ झाले होते, मे महिना होता, आणि प्रयोगशाळेतला एकुलता एक पंखा आम्ही नळीला वारा लागू नये म्हणून बंद ठेवलेला. दौलतच्या शर्टाची पाठ ओली होती. पण तो हसत होता.

आमच्या समोर काचेची हातभर लांब नळी होती. तिच्यातून थोडासा आर्गॉन वाहता ठेवायचा आणि विजेचा झटका द्यायचा. वायू जांभळट पेटतो. झटका थांबला की डोळ्यांना तो त्याच क्षणी विझल्यासारखा दिसतो, पण आत मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणखी थोडा वेळ फिरत राहतात. ते किती वेळात सरतात हे आम्ही दोघं तीन वर्षं मोजत होतो. नळी एकच, विषय दोन. दौलतकडे शुद्ध आर्गॉन. माझ्याकडे त्याच आर्गॉनात दुसरे वायू मिसळण्याचं काम: हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड. चिमूटभर मिसळला तरी प्लाझ्मा, म्हणजे तो पेटलेला वायू, झपाट्याने विझतो. कोणत्या वायूने किती लवकर, याची कोष्टकं म्हणजे माझा प्रबंध.

आणि शुद्ध आर्गॉनचा आकडा आमच्या विभागात सगळ्यांना पाठ होता. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले दोन. आमचे मार्गदर्शक डॉ. यशवंत खांबेटे यांनी तो बावीस वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये शोधून काढला होता. त्याला ‘खांबेट्यांचा आकडा’ म्हणत. सर पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना आधी तो आकडा सांगत आणि मग बसायला सांगत.

“दोनाच्या जागी सात कसे येतील?” मी म्हटलं. “तुझं काहीतरी चुकतंय.”

“मलाही तसंच वाटलं होतं.” दौलतने आवाज खाली आणला. “ताई, सरांच्या नळीत पाणी होतं.”

“काय?”

“काचेला आतून पाणी चिकटून राहते. दिसत नाही. हजारात एक रेणू असला तरी पुरते. झटका गेल्यावर आर्गॉनचे काही अणू ताकद धरून जागे राहतात, एकमेकांवर आपटून नवे इलेक्ट्रॉन काढत राहतात. म्हणून रेघ लांब जाते. मधे पाण्याचा रेणू आला का त्याने त्यांची ताकद खाल्लीच. मग रेघ पडते. तुमच्या गॅसनी पडते तशीच.”

त्याने अकरा दिवस नळी गरम पट्टी गुंडाळून भाजली होती. आर्गॉन आत येण्याआधी एका वाकड्या काचेच्या नळीतून यायचा, आणि ती वाकडी नळी, आमचा ‘सापळा’, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली असायची, म्हणजे असलेलं-नसलेलं पाणी तिथेच गोठून बसेल. विभागाला द्रव नायट्रोजन मिळत नसे. दौलत तो गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून मागून आणायचा. नऊ किलोमीटर, सायकलवर, मागे कॅन बांधून. तिथल्या डॉक्टरांच्या मुलाला तो त्याबदल्यात गणित शिकवायचा.

मी मनातल्या मनात हिशेब केला. माझ्या एकूण एक कोष्टकात, काहीच न मिसळलेल्या आर्गॉनसाठी, सरांचाच आकडा होता. पाच प्रकरणं टंकलेखकाकडे गेली होती. पंचवीस जूनला विभागातल्या अधिव्याख्याता पदाची मुलाखत होती आणि त्याआधी प्रबंध सादर झालेला असणं जरुरीचं होतं.

“दौलत, एक महिना थांब,” मी म्हटलं. “कोणाला सांगू नकोस. माझा प्रबंध जाऊ दे.”

त्याला माझं म्हणणं खरोखर समजलं नाही. “पण चुकीचं आहे हे कळल्यावर तुम्ही देणार कसा?”

मी पडद्यावरच्या रेषा पुन्हा मोजल्या.

“ताई, काळजी काहून करता? तुमची सगळी मोजमापं आपण पुन्हा घेऊ. दोघं मिळून. मी नळी भाजून देतो. आठ महिने लागतील, फार तर नऊ.”

दौलत मडावी माझ्यापेक्षा वर्षाने मोठा होता. मी त्याला अरे-तुरे करायची, तो मला ताई आणि तुम्ही म्हणायचा. सुरुवातीलाच तसं पडलं होतं आणि ते बदलावं असं मला कधी वाटलं नाही. तो एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावचा. त्याच्या गावातून शहरात शिकायला आलेला तो पहिलाच.

दुसऱ्या दिवशी, बुधवारच्या बैठकीत, त्याने सगळ्यांसमोर आलेख भिंतीला लावला.

खांबेटे सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. खोलीत आम्ही आठ-नऊ जण होतो.

“सात,” सर म्हणाले.

“हो सर.”

“मडावी, तुमच्या गावाला मोहाची दारू मोजतात तसा आर्गॉन मोजलास का? ओंजळीने?”

हशा झाला. मीही हसले. मुद्दाम नव्हे, पण हसले हे खरं.

“नाही सर. मायक्रोवेव्ह लहरींनी मोजला. चौदा वेळा.”

“चौदा वेळा तीच चूक केली की ती शोध होते, असं कोणी शिकवलं तुला?”

“सर, काचेला पाणी…”

“म्हणजे माझ्या नळीत पाणी होतं. मी लीड्सला तीन वर्षं बसून पाणी मोजत होतो. बरोबर?”

दौलतने मान खाली घातली नाही. त्याने ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही. सरांना ते जास्त लागलं असावं. ते उठले, आलेखाजवळ गेले आणि कागदाची एक कड भिंतीवरून सोडवून तो तसाच लोंबकळत ठेवला.

“पुढच्या गुरुवारी तुझी प्रगती समिती आहे. डॉ. शेषाद्री बंगलोरहून येणार आहेत. त्यांच्यासमोर तू मला हे सात दाखव. आले तर मी माझा लीड्सचा पेपर मागे घेतो. नाही आले तर तू या विभागात दिसणार नाहीस. आहे कबूल?”

“आहे सर,” दौलत म्हणाला.

पुढचा आठवडा तो नळीजवळून हलला नाही. तिला पुन्हा भाजली. सोमवारी सायकलवरून नायट्रोजन आणताना कॅन कलंडून त्याच्या पोटरीवर सांडला, कातडी पांढरी पडून मग फोड आले. पायाला धोतराची चिंधी बांधून तो काम करत होता. मी एकदा म्हटलं, “डॉक्टरला दाखव.” तो म्हणाला, “गुरुवार होऊ द्या न.”

खांबेटे सर त्या आठवड्यात प्रयोगशाळेकडे फिरकले नाहीत. त्यांच्या खोलीचं दार बंद असे. गुरुवारी सकाळी आले तेव्हा त्यांनी दाढीही नीट केलेली नव्हती, आणि डॉ. शेषाद्रींशी मला वाटलं होतं त्याहून खूपच कमी बोलले.

समितीत पाच जण. डॉ. शेषाद्री बुटके, शांत, खिशात चार पेनं लावलेले गृहस्थ. मोडक्या हिंदीत ते दौलतला म्हणाले, “तुम्हारा कागज पढ़ा मैंने. अच्छा सोचा है. दिखाओ.”

दौलतचा चेहरा उजळला. तो ऑसिलोस्कोपकडे वळला.

“एक मिनिट,” सर म्हणाले. “यंत्राला मडावीने हात लावायचा नाही. तीन वर्षं त्यानेच लावला आहे. बेलसरे, तू चालव.”

बेलसरे म्हणजे मी.

दौलतने लगेच जागा करून दिली. त्याला बरंच वाटलं असावं. “ताई, सापळा भरलेला आहे. दाब लावून ठेवला आहे. फक्त झटके सुरू करा.”

मी बसले. डाव्या हाताला वायूंच्या व्हॉल्व्हची पट्टी होती. आर्गॉनचा मोठा व्हॉल्व्ह, आणि त्याच्याखाली माझ्या तीन वायूंचे तीन बारीक सुईचे व्हॉल्व्ह, जे सापळ्याच्या पुढे, थेट नळीत उघडायचे. मी झटके सुरू केले. नळी पेटली. पडद्यावर रेघ आली.

ती दोनाला पडली.

डॉ. शेषाद्री पुढे झुकले, आपल्या पेनाने पडद्यावरच्या रेषा मोजल्या. “टू पॉइंट वन,” ते म्हणाले.

“परत घ्या ताई,” दौलत म्हणाला.

मी परत घेतलं. दोन.

“दाब पाहा.”

दाब बरोबर होता.

“सापळा…” तो सापळ्याशी गेला, फ्लास्कमध्ये वाकून पाहिलं, नायट्रोजन काठोकाठ होता. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने नळीच्या दोन्ही टोकांवरून बोट फिरवलं. मग तो व्हॉल्व्हच्या पट्टीकडे आला.

“हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय,” सर म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता.

दौलत हात मागे घेऊन उभा राहिला. मग तो माझ्याकडे वळला. “ताई, तुमचे तिन्ही गॅस बंद आहेत न? जरा पाहता?”

मी वाकले. तिन्ही व्हॉल्व्हना एकेक करून बोटं लावली.

“बंद आहेत,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. संशयाने नव्हे. कोणी वाट सांगितल्यावर आपण मान डोलावतो तशी त्याने मान डोलावली.

“मग माझंच चुकलं असंल,” तो म्हणाला.

त्यानंतर खांबेटे सर जे बोलले ते वीस मिनिटं बोलले. चौदा मोजमापं कागदावर जन्माला आलेली आहेत. माणसाला शिकवता येतं, प्रामाणिक करता येत नाही. जागा राखीव ठेवता येतात, अक्कल राखीव ठेवता येत नाही. हे वाक्य ते इंग्रजीतही बोलले, डॉ. शेषाद्रींना कळावं म्हणून. डॉ. शेषाद्रींनी पेनं खिशात लावली आणि खिडकीबाहेर पाहिलं. ज्या माणसाने अर्ध्या तासापूर्वी ‘अच्छा सोचा है’ म्हटलं होतं त्याने दौलतकडे एकदाही नजर वळवली नाही.

दौलत उभा होता. पोटरीची चिंधी सैल होऊन घोट्याशी आली होती. त्यातून पाणी झिरपत होतं.

“कागद घे,” सर म्हणाले. “लिही. अर्ज. ‘माझ्या मोजमापांत मी खोटे आकडे घातले…’”

“सर, खोटे नाही घातले. चूक झाली असेल.”

“बरं. ‘माझ्या हातून गंभीर चुका झाल्या. मी हे संशोधन करण्यास पात्र नाही. माझी नोंदणी रद्द करावी.’ झालं? बेलसरे, शुद्धलेखन बघ. बाहेर जाणारा कागद आहे.”

मी पाहिलं. ‘नोंदणी’तला ‘णी’ त्याने ऱ्हस्व काढला होता. मी लाल पेनाने तो दीर्घ केला. सरांनी तेवढ्यासाठी त्याला सबंध अर्ज पुन्हा लिहायला लावला, सगळ्यांच्या देखत. कोणालाही चहाला उशीर होतोय असं वाटलं नाही.

मग सगळे चहाला गेले. दौलत वसतिगृहावर गेला.

प्रयोगशाळेत मी एकटी उरले. नळी अजून पेटत होती. मी डावा हात खाली नेला आणि तिसरा व्हॉल्व्ह बंद केला. पाव फेरा. कार्बन डायऑक्साइडचा. सकाळी साडेआठला, दौलत वसतिगृहावर आंघोळीला गेला होता तेव्हा, मी तो तेवढाच उघडला होता. दाबमापकाला न कळण्याइतका.

पडद्यावरची रेघ हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. तीन. चार. साडेपाच. वायू निघून जायला वेळ लागतो. सातावर येऊन ती थांबली.

“बेलसरे.”

खांबेटे सर दारात उभे होते. किती वेळ ते मला माहीत नाही. ते आत आले, पडद्याकडे पाहिलं, मग माझा हात जिथे होता तिकडे पाहिलं. ते स्टुलावर बसले.

“आठवडाभर मी माझी जुनी वही तपासत होतो,” ते म्हणाले. “आम्ही नळी भाजली नव्हती. त्या काळी कोणीच भाजत नसे. मडावीचंच बरोबर येतं.” त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. “पेपर मागे घेण्याचं पत्र. आज सगळ्यांसमोर वाचणार होतो.”

मी व्हॉल्व्हवरचा हात काढून घेतला.

“मी तुला काही सांगितलं होतं का?”

“नाही सर.”

“हे लक्षात ठेव. आयुष्यभर.” त्यांनी कागद पुन्हा खिशात ठेवला आणि उठले. “चहा गार होतोय. चल. आणि तो पडदा बंद कर.”

मी पडदा बंद केला.

त्या वेळी मला वाटत होतं की ते बाहेर जाऊन सांगतील. चहा पिताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते डॉ. शेषाद्रींना इथल्या संत्र्यांविषयी सांगत होते. अजून वेळ होता. दौलत वसतिगृहावरच होता, चार वाजेपर्यंत होता. दोघांपैकी कोणीही दहा मिनिटं चालून गेलं असतं तर झालं असतं.

चार वाजता तो स्वतःच आला. हातात कपाटाची किल्ली आणि काखेत सात वह्या.

“ताई, ह्या तुमच्याकडे ठेवा,” तो म्हणाला. “आकडे चुकीचे असतील, पण नळी कशी भाजायची, सापळा कसा लावायचा, ते सगळं लिहून आहे. तुमच्या कामाला येईल.”

“तू कुठे जाणार?”

“गावाकडे. आश्रमशाळेत विज्ञानाला माणूस नाही म्हणतात.” मग त्याने विचारलं, “ताई, तुम्हाला काही समजलं का? कुठं चुकलं असंल माझं?”

“नाही रे,” मी म्हटलं.

पंधरा जूनला माझा प्रबंध सादर झाला. पंचवीसला मुलाखत. निवड समितीत खांबेटे सर होते. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पुढची नऊ वर्षं आम्ही एका विभागात होतो, शेजारच्या खोल्यांत. ते माझ्याशी नेहमी नीट वागले. माझ्या बढतीला त्यांची सही होती. निवृत्त झाल्यावर वर्षभरात ते वारले. शोकसभेत मी त्यांच्या आकड्याविषयी बोलले.

तोपर्यंत बाहेरच्या देशांत हळूहळू कुजबुज सुरू झाली होती. कोणाला चार मिळत होते, कोणाला पाच. नळी स्वच्छ करण्याच्या नव्या पद्धती आल्या होत्या. आता हा आकडा पडणार, आणि तो कोण आधी पाडतो एवढाच प्रश्न राहिला होता. माझ्याकडे नवी नळी नव्हती. नवी मोजमापं घ्यायला दोन वर्षं लागली असती.

माझ्याकडे सात वह्या होत्या.

मी त्यातली एकशे बारा मोजमापं घेतली, तारखा काढून टाकल्या, आलेख नव्याने काढले. पेपरचं शीर्षक होतं शुद्ध आर्गॉनमधील प्लाझ्माच्या ऱ्हासाविषयी. आपल्या गुरूचा आकडा धाडसाने खोडून काढणारी विद्यार्थिनी म्हणून माझं कौतुक झालं. एका राष्ट्रीय परिषदेत पदक मिळालं. ते देताना अध्यक्ष म्हणाले की विज्ञानात निष्ठा व्यक्तीशी नसते, सत्याशी असते. डॉ. शेषाद्री, फार म्हातारे झालेले, पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. एका मराठी विज्ञान मासिकाने माझी मुलाखत छापली आणि तिच्याबरोबर पेपरातला एक आलेख.

तीन आठवड्यांनी विभागाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मी ओळखलं.

“सौ. शैलजाताईंस सादर नमस्कार. आमच्या शाळेत मासिक येते, त्यात आपली मुलाखत वाचली. मुलांनाही वाचून दाखवली. फार आनंद झाला. आकडा सात आला हे पाहून बरे वाटले. एक लहानशी गोष्ट कळवतो. आलेखात दाब आठ दशांश छापला आहे. तो सहा दशांश पाहिजे. त्या पंधरवड्यात दाबमापक दोन दशांश जास्त दाखवत होता, हे पाचव्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे. घाईत राहून गेले असेल. मूळ पेपरात तसेच छापले असल्यास दुरुस्त करावे, नाहीतर पुढे कोणी मोजले तर त्यांचे जुळणार नाही. कळावे. दौलत मडावी.”

मी दार लावून घेतलं आणि पाचवी वही काढली. शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, ते होतं.

पत्राला उत्तर देण्यासाठी मी दोनदा कागद घेतला. दोन्ही वेळा ‘प्रिय दौलत’ एवढंच लिहून झालं. मग मी तिसरा कागद घेतला आणि नियतकालिकाच्या संपादकांना दोन ओळींची दुरुस्ती पाठवली. अशी चूक कोणी दाखवून दिली तर खाली त्याचे आभार मानण्याची पद्धत आहे. संपादकांनी तसं विचारलंही: ही चूक आपल्या लक्षात कोणी आणून दिली?

मी कळवलं, माझ्याच लक्षात आली.